मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचा शेंगदाणा: थेट शेतकऱ्याकडून घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बायकांचा छोटा गट आहोत. ज्वारी, शेंगदाणा, करडई, जवस, हुलगा हा सगळा माल मंगळवेढा, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या ओळखीच्या घरांकडून थेट घेतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या सोसायट्या, खानावळी, नवी दुकानं फोन करून विचारू लागली, ‘आम्हालाही शेतकऱ्याकडूनच घ्यायचंय, कसं करायचं?’ प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा बसून लिहून काढली.

रास्त खरेदी म्हणजे बाजारापेक्षा जास्त भाव देणं का?

तेवढंच नाही. शेतकरी भावात जितका मार खातो, त्याहून जास्त तो वजनात, पैसे हातात पडायला लागणाऱ्या वेळेत आणि पडत्या वर्षी गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा खातो. क्विंटलमागं तीनशे रुपये वाढवून देतो म्हणून माल नेला आणि चार महिने पैशांसाठी फोन करायला लावले, तर त्यापेक्षा रोख मोजणारा आडत्या बरा. मंगळवेढ्याचे एक मामा आम्हाला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, “ताई, भाव थोडा कमी द्या, पण तारीख पाळा.” विकास सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सवलत मिळते. मुदत टळली की सवलत गेली. मामांना तारखेचं इतकं का पडलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं.

मग तुम्ही भाव ठरवता कसा?

पेरणीच्या आधी. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात होते, जुनी माणसं उत्तरा-हस्त नक्षत्रांवर मोजतात. पोळा झाला की आम्ही गावात जाऊन बसतो. समोर तीन गोष्टी असतात: सरकारी हमीभाव, गेल्या दोन-तीन सुगींत सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या बाजारात निघालेला भाव, आणि त्या घराचा यंदाचा खर्च. त्यावरून एक किमान भाव ठरतो आणि वहीत दोघांच्या सह्या होतात. सुगीला बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा, खाली आला तरी किमान भाव मोडायचा नाही. उदाहरणापुरतं सांगायचं तर किमान भाव ४,२०० रुपये ठरला आणि बाजार ३,६०० वर घसरला, तरी आम्ही ४,२०० देतो. बाजार ५,००० झाला तर ५,००० देतो.

यात आमचा तोटा होतो का, असं लोक विचारतात. एखाद्या वर्षी होतो. पण बाजार पडेल ही भीती शेतकऱ्यानं एकट्यानं का वाहायची? त्याच्या डोक्यावर पावसाची भीती आधीच आहे.

हमीभावाबद्दल थोडं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं संकरित ज्वारीला क्विंटलमागं ३,६९९ रुपये आणि मालदांडी या आमच्याकडच्या देशी वाणाला ३,७४९ रुपये जाहीर केले. फरक पन्नास रुपयांचा. दोन्हींची भाकरी शेजारी शेजारी ठेवून खाल्ली, की हे पन्नास रुपये किती थोडे आहेत ते समजतं. शिवाय हमीभाव जाहीर झाला म्हणजे त्या भावानं घ्यायला कुणी दारात उभं राहतं असं नाही. म्हणून आम्ही तो सुरुवातीचा आकडा धरतो, शेवटचा नाही.

कडब्याचा ज्वारीच्या भावाशी काय संबंध? तुम्ही तर फक्त धान्य घेता.

हा प्रश्न शहरातून येतो, आणि याचं उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय ज्वारीचा भाव ठरवायला बसूच नये.

आमच्याकडचा कोरडवाहू शेतकरी ज्वारी पेरतो ती निम्मी माणसासाठी आणि निम्मी जनावरासाठी. मालदांडीचं ताट उंच वाढतं, पान भरपूर येतं आणि त्या वाळलेल्या ताटांचा कडबा गुरं आवडीनं खातात. सुगीत ताटं मुळासकट उपटायची, आडवी पाडून वाळवायची, मग बायका बसून कणसं मोडणार, पेंढ्या बांधणार, बणीम म्हणजे कडब्याची गंजी रचणार. कडबा शेकडा पेंढ्यांच्या हिशेबानं विकला जातो आणि उन्हाळ्यात चारा टंचाई असली की त्याचा भाव असा चढतो, की काही वर्षी घराला धान्यापेक्षा कडब्यानंच तारलेलं असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कडब्याला चांगला भाव आहे म्हणून धान्याचा भाव पाडून मागू नका. असं मागणारे आम्ही पाहिलेत: “कडब्यात तुमचा खर्च निघाला की, ज्वारी स्वस्तात द्या.” कडबा विकला तर घरच्या गायी-बैलांना विकतचा चारा लागतो, हे त्या हिशेबात धरलेलंच नसतं. दुसरी गोष्ट, बुटका वाण लावा, यंत्रानं काढा, धान्य जास्त निघेल, असा आग्रह शेतकऱ्याला करू नका. जास्त धान्य तुम्हाला हवंय. त्याच्या गोठ्याला ताट हवंय.

एवढी मेहनत आहे तर लोक अजून ज्वारी का पेरतात? ऊस नाही का परवडत?

ज्याच्या रानात उजनी धरणाचं पाणी आलं तो उसाकडे गेला, आणि त्याला आम्ही नावं ठेवत नाही. ज्वारी उपटायला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर त्यांची मजुरी परवडत नाही. हुरड्यात दाणा आला की भोरड्यांचे थवे उतरतात, मग पहाटेपासून माळ्यावर उभं राहून गोफण चालवायची. ज्वारीचं क्षेत्र घटतंय ते या कष्टांमुळे.

पण मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल रानाची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात जिरलेली ओल ती जमीन धरून ठेवते आणि त्या ओलीवर ज्वारी एकाही पाण्याविना चार महिने उभी राहते. या जमिनीला दुसरं काही देऊन बघा, ती इतक्या भरवशानं परत देणार नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही रानात आहे. आमच्यासारख्यांनी ज्वारी घेतली तरच ती पुढंही रानात राहील.

मंगळवेढ्याची खरी ज्वारी ओळखायची कशी?

मंगळवेढा ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापूरच्या डाळिंबालाही त्याच वर्षी मिळालं. मानांकनाचं नाव आणि चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. विकणाऱ्याला ती विचारा. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

दाणा टपोरा, गोल, मोत्यासारखा चकाकणारा असतो. भाकरी पांढरी, मऊ आणि थापताना न चिरणारी. पण डोळ्यांनी ओळखण्याची एक मर्यादा आहे. शेजारच्या तालुक्यातल्या भारी रानात पिकलेली मालदांडीही तितकीच देखणी असते, आणि ती ‘मंगळवेढ्याची’ म्हणून खपवली जाते. माल चांगला आहे म्हणून हे चालवून घ्यायचं का? आमचं मत नाही असंच आहे. दक्षिण सोलापुरातून घेतलेल्या ज्वारीवर आम्ही दक्षिण सोलापूरच लिहितो. त्या गावाच्या रानालाही आपलं नाव आहेच की.

वजन कुणाच्या काट्यावर?

शेतकऱ्याच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत, शिक्का मारलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. काटा आम्ही नेतो आणि पहिलं पोतं चढवायच्या आधी घरातल्या कुणालाही माहीत असलेल्या वजनाची वस्तू ठेवायला सांगतो. बहुतेक वेळा दुकानातली खताची सीलबंद गोणी येते.

कडता कापत नाही. बाजारात माती, ओलावा, पोत्याचं वजन अशी कारणं सांगून क्विंटलमागं काही वजन सोडायची जुनी रीत आहे. क्विंटलला फक्त एक किलो म्हटलं तरी दहा क्विंटलवर दहा किलो जातात, म्हणजे ३,५०० च्या भावानं ३५० रुपये. बाईमाणसाचा एका दिवसाचा रोज त्यात गेला. पोतं रिकामं तोलून त्याचं वजन वजा केलं, की कडत्याला कारणच उरत नाही.

जुनी माणसं अजून पायलीनं बोलतात. पायली गावागणिक वेगळी भरते, म्हणून बोलणं पायलीत झालं तरी वहीत किलोच लिहायचे.

बाजार समितीतून घेणं चुकीचं आहे का?

नाही. उघड लिलाव होतो, हिशोबपट्टी मिळते, आणि कितीही माल आला तरी त्याच दिवशी विकला जातो. ही सोय आम्ही देऊ शकत नाही. आमच्याकडे देणारे शेतकरीही उरलेला माल तिथंच नेतात. चांगले आडते आहेत, मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला रात्री-अपरात्री पैसे देणारे. मात्र ती उचल ज्या घरानं घेतली, त्याला माल दुसरीकडे विकायची मोकळीक राहत नाही. थेट घेणाऱ्यानं ही गोष्ट ओळखावी आणि “आम्हालाच का नाही देत?” म्हणून त्या घराला अडचणीत आणू नये.

आपण आगाऊ पैसे द्यावेत का?

द्यावेत. बी, मोघडणी, पेरणी, खुरपणी हा सगळा खर्च पीक यायच्या चार-पाच महिने आधीचा असतो. आम्ही ठरलेल्या मालाच्या अंदाजे किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पेरणीला देतो, व्याज लावत नाही. अट एकच: पीक गेलं तर ती रक्कम पुढच्या सुगीवर जाते. कर्ज म्हणून अंगावर राहत नाही, आणि तिच्यामुळं माल आम्हालाच द्यायची सक्तीही नाही. दुसऱ्यानं जास्त भाव दिला तर आगाऊ रक्कम परत करून त्याला खुशाल द्यावा.

पाऊसच पडला नाही तर?

सोलापूर पर्जन्यछायेतलं. हा प्रश्न ‘जर’चा नाही, ‘केव्हा’चा आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी अजून घराघरांत आहेत: दुष्काळी कामावरची सुकडी, रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो. माझी आजी ताटात भाकरीचा तुकडा उरू द्यायची नाही. ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्यांनी परदेशची लाल ज्वारी रांगेत उभं राहून घेतली, हे तिला शेवटपर्यंत लागून होतं. त्याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

प्रत्यक्षात आम्ही असं करतो. आमची मागणी एका गावावर टाकत नाही, तीन तालुक्यांत वाटतो. चांगल्या वर्षी गरजेपेक्षा थोडी जास्त ज्वारी घेऊन ठेवतो. पीक अर्धं आलं तर भाव वाढवतो आणि आमच्या गिऱ्हाइकांना फळ्यावर लिहून सांगतो, की यंदा भाकरीचं पाकीट महाग का आहे. आणि काहीच आलं नाही तरी सुगीच्या दिवसांत त्या घरी जाऊन येतो. घ्यायला काही नसतं, तरी जातो. पुढच्या पेरणीला ते घर आपल्याशी बोलेल की नाही, ते त्या भेटीवर ठरतं.

माल खराब निघाला तर परत करायचा का?

आधी दारातच बघा. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे, आणखी दोन ऊन दाखवायला सांगा आणि नंतर घ्या. भाव पाडून ओला माल उचलू नका, त्यात दोघांचंही नुकसान आहे.

अवकाळी पावसात सापडून दाणा काळा पडला तर भाकरीला चालत नाही. असा माल आम्ही वेगळ्या भावानं जनावरांच्या भरड्यासाठी विकून देतो, पण त्यासाठी शेतकऱ्याच्या पदरचा रुपया घेत नाही. एकदा घरी आणल्यावर भुंगा लागला तर ती आपली चूक. ज्वारी तापलेली असताना पोत्यात भरू नये, सावलीत निवू द्यावी, कडुनिंबाचा वाळका पाला घालावा. पूर्वी घरात तुरीच्या काड्यांची, शेणानं लिंपलेली कणगी असायची, जमिनीत पेव असायचं. आता कोठी असते. कोरडेपणाचा नियम मात्र तोच आहे.

पैसे नेमके कुणाच्या हातात द्यायचे?

सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या, असं सोपं उत्तर आम्हीही सुरुवातीला धरलं होतं. मग एका सुगीत असं झालं, की रान वाट्यानं करणारं कुटुंब समोर उभं होतं आणि पैसे गेले गावात न राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर. वाटेकऱ्याचा निम्मा हिस्सा मिळायला पुढं दोन महिने गेले. चूक आमची होती, आम्ही विचारलंच नव्हतं. आता पेरणीलाच विचारतो: रान कोण करतं, हिस्सा कसा आहे. आणि दोघांच्या संमतीनं दोन खात्यांवर पैसे पाठवतो.

बायकांचंही तेच. खुरपणी, कणसं मोडणं, मळणीनंतरचं उफणणं, चटणीसाठी शेंगा फोडणं, हे सगळं त्या करतात, आणि पैशांच्या वेळी त्या चुलीपाशी असतात. निवडण-टिपण आणि शेंगा फोडण्याची मजुरी आम्ही धान्याच्या भावात धरत नाही, वेगळी काढतो आणि त्या बायकांच्याच बचत गटाच्या खात्यावर टाकतो. एका घरात यावरून कुरकुर झाली. आम्ही रीत बदलली नाही.

शेंगाचटणीतला सगळा माल सोलापूरचाच असतो का?

नाही, आणि तसं आम्ही म्हणतही नाही. शेंगदाणा शक्यतो आपल्या भागातला घेतो, लसूण बाजारातून येतो, रंगासाठीची ब्याडगी मिरची कर्नाटकातली. सोलापूरचं आहे ते उखळात कुटणं: दाण्याला तेल सुटेपर्यंत, हात भरून येईपर्यंत. या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात, चटणीत दोन राज्यांचा माल असला तर बिघडलं कुठं? फक्त कुठून काय येतं ते पाकिटावर खरं लिहावं.

हुरड्यासाठी गुळभेंडी ही खास हुरड्याची ज्वारी मिळेल का?

डिसेंबर-जानेवारीत, सांगून ठेवलं असेल तरच. हुरड्याची कणसं कोवळी असतानाच काढावी लागतात, म्हणजे त्या ताटांचं पुढं धान्य होणार नाही. म्हणून ठरवलेला हुरडा आयत्या वेळी रद्द केला तर शेतकऱ्याचं दुहेरी नुकसान. आमच्याकडे पूर्ण पैसे आधी घेतले जातात आणि ते सगळे शेतकऱ्याला जातात, पाहुणे आले नाहीत तरी.

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, मात्र कुणाकडे हुरडा मागू नका. अक्कलकोट भागात त्या दिवशी घरचं सगळं माणूस रानात असतं, पूजा असते, भज्जी आणि आंबिल असते. बोलावलं तर आनंदानं जा, गिऱ्हाईक म्हणून जाऊ नका.

देशी बियाणं आम्हाला विकत मिळेल का?

थोडंफार मिळतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी मात्र छापील नावाच्या पाकिटात भरून विकता येत नाही. एकराला साधारण चार किलो बी लागतं. बियाण्याचे पैसे धान्याच्या भावानं देऊ नका. उभ्या पिकातून चांगलं कणीस निवडून बाजूला ठेवणं ही वेगळी विद्या आहे.

पाकिटावर शेतकऱ्याचा फोटो टाकावा का?

विचारून, छापलेला नमुना दाखवून, आणि नाही म्हणाले तर पुन्हा न विचारता. आमच्याकडे बहुतेकांनी गावाचं नाव चालेल, तोंड नको असं सांगितलं. फाटका सदरा आणि भेगाळलेली जमीन असले फोटो आम्ही वापरत नाही.

परवाना लागतो का?

शेतकऱ्याला स्वतःच्या रानातलं धान्य विकायला अन्न परवाना लागत नाही. तुम्ही दळून, भाजून, पाकीट करून विकू लागलात की तुमची नोंदणी लागते. ती शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

आम्हाला पीठच द्याल का?

पीठ पाठवत नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा चिरतात आणि दोष ज्वारीला लागतो. ज्वारी घ्या, आठ-दहा दिवसांचं दळून आणा.

सुरुवात कुठून करू?

एका घरापासून आणि एका पिकापासून. तुमच्या सोसायटीतली दहा घरं मिळून वर्षाला किती ज्वारी खातात ते आधी मोजा, उत्साहात दुप्पट सांगू नका. ऑगस्ट संपायच्या आत फोन करा. सोलापूरहून मंगळवेढा पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, एसटी मिळते. आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल. जाताना वही न्या, काटा आमचा घेऊ. पहिल्या भेटीत भावाचं बोलू नका. रान बघा, गोठा बघा, बणीम किती उरलीय ते बघा, आणि ताटात भाकरी वाढली तर पोटभर जेवा.